बैठे खेळ आणि आमची संध्याकाळ

स्मरणिकेंत इमारतींचा, संस्थांचा व थोरामोठ्यांचा इतिहास येतो, आणि तो यावयासच हवा. परंतु ज्यांच्यासाठीं इमारती उठल्या तीं साधीं माणसें दिवसाचें काम आटोपल्यावर संध्याकाळीं काय करीत असत, ह्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. आमच्या आंबिवलीला ती नोंद विशेष हवी. शहाड आणि टिटवाळा ह्यांच्या मधलें हें आमचें स्टेशन मुंबईपासून सुमारें ६० किलोमीटर दूर. शेजारीं मोहने, आणि मोहन्याला रेयॉनचा मोठा कारखाना होता. कारखान्याच्या व रेल्वेच्या आधारानें येथें जी वस्ती वाढली ती एका गांवची नव्हे, एका भाषेचीहि नव्हे. कोंकणांतले, घाटावरचे, केरळांतले, तमिळ मुलखांतले, उत्तरेकडचे लोक शेजारीं शेजारीं राहूं लागले. अशा लोकांची एकमेकांशीं ओळख कशी झाली, असें कोणी विचारलें तर आमचें उत्तर ठरलेलें आहे: कॅरमच्या पाटाभोंवतीं, पत्त्यांच्या डावांत आणि हाउझीच्या तिकिटांवर. म्हणून बैठ्या खेळांच्या इतिहासासाठीं ह्या अंकांत आम्हीं कांहीं पानें मागून घेतलीं आहेत.

वाचकांस प्रथम थोडें मागें न्यावें लागेल. कल्याण हें बंदर ग्रीक व्यापाऱ्यांस ठाऊक होतें. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ग्रंथांत त्याचें नांव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आहे. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो कीं 'कल्लियाना' येथें एक बिशप असून तो इराणांतून नेमून येतो. बहुतेक विद्वान हें गांव म्हणजे आपलेंच कल्याण असें मानतात. ही हकीकत आमच्या लोकांस पाठ आहे. मात्र त्याच शतकाच्या सुमारास त्याच इराणाकडे हिंदुस्थानांतून एक खेळ निघाला होता, ह्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. चतुरंग इराणांत जाऊन 'चतरंग' झालें, अरबांकडे 'शतरंज' झालें, आणि परत आमच्याकडे आलें तेव्हां शह, मात, वजीर, प्यादें असे परके शब्द बरोबर घेऊन आलें. तें कल्याणच्याच धक्क्यावरून गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या समुद्रावरून बिशप येत त्याच समुद्रावरून माल, भाषा आणि खेळहि जात-येत, एवढें खास.

येथें एक सावधगिरीची सूचना. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत बुद्धिबळ, फासे व कवड्या ह्यांच्या खेळांचें वर्णन आहे, आणि त्या राजाची राजधानीहि कल्याण. तें वाचून कोणी उत्साही मनुष्य तो मान आमच्याकडे ओढूं पाहील तर त्याला थांबवावें. तें कल्याण बिदरकडचें, आजचें बसवकल्याण.

आतां मुद्द्याची गोष्ट. बैठ्या खेळांची कीर्ति आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून दुहेरी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एका जुगाऱ्याचा विलाप आहे. फाशांपायीं त्याचें घर आणि बायको दुरावली. महाभारतांत तर राज्यच गेलें. उलट वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळत असलेले कोरले आहेत, आणि त्यांत रुसवाफुगवा आहे, सर्वनाश नाहीं. कोजागिरीच्या रात्रीं जागरण करून फासे खेळावे असें व्रतग्रंथ सांगतात. म्हणजे खेळासाठीं राखून ठेवलेली एक रात्र आमच्या पंचांगांतच आहे. जेजुरीच्या खंडोबाची लोककथा ह्या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल: सारीपाटांत म्हाळसेशीं हरून देव बारा वर्षें घर सोडतो आणि बाणाईच्या घरीं मेंढ्या राखतो. खेळ तोच, पट तोच. मध्यें 'पण' आला कीं त्याचें द्यूत होतें. आमच्या वडीलधाऱ्यांनीं पत्त्यांना हात लावूं दिला नाहीं तो ह्याच भयानें, आणि तें भय खोटें नव्हतें. पगाराच्या रात्रीं ज्याचा खिसा डावावर रिकामा झाला त्याची बायको दुसऱ्या दिवशीं शेजारीं तांदूळ मागावयास येते, हें कोणत्याहि कामगारवस्तीला नवें नाहीं.

सारीपाट आतां आमच्याकडे क्वचितच मांडला जातो. कापडाच्या चार पट्ट्या, प्रत्येक पट्टींत तीन ओळी, ओळींत ८ घरें, अशीं चहूंकडचीं मिळून ९६ घरें व मधलें एक निराळें; १६ सोंगट्या आणि लांबट फासे. त्याच्याच जातीच्या पचिसीवरून निघालेल्या 'लूडो'चें इंग्लंडांत १८९६ सालीं पेटंट झालें, आणि आपली मुलें तो परदेशचा खेळ समजून खेळूं लागलीं. मोक्षपटाचेंहि असेंच झालें. त्याचें कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. त्याच्या घरांना सद्गुणांचीं व दुर्गुणांचीं नांवें असत. शिडी चढली तर ती कोणत्या गुणानें, आणि साप गिळतो तो कोणत्या दोषानें, हें खेळणाराला वाचतां येई. १८९२ च्या सुमारास तो इंग्लंडांत विकावयास आला. पुढें घरांवरचीं नांवें गळालीं, नुसते आंकडे उरले, आणि १०० वर पोहोंचणें एवढाच मोक्ष राहिला!

पत्त्यांविषयीं मात्र आम्ही थोडें विस्तारानें लिहिणार, कारण आमच्या वस्तीचा खरा खेळ तो. ५२ पानांचे पत्ते पोर्तुगीजांच्या बरोबर पूर्वेकडे पसरले. जपानांत अजूनहि पत्त्यांना 'कारुता' म्हणतात तो पोर्तुगीज 'कार्ता' शब्दच. आमच्या इस्पिक आणि किलवर ह्या शब्दांचें वळणहि परदेशी आहे. बदाम आणि चौकट मात्र घरचीं. मुलांसाठीं भिकार-सावकार, झब्बू आणि बदाम सात, थोड्या मोठ्यांसाठीं पांच-तीन-दोन, लॅडीस आणि मेंढीकोट, अशी चढती पायरी ठरलेली असे. त्या सर्वांच्या वर बसतो तो तीनशे-चार.

कोंकणांतल्या माणसाला तीनशे-चार समजावून सांगण्याची गरज नाहीं, इतरांसाठीं सांगतों. सत्तीपासून वरचीं ३२ पानें घ्यावयाचीं. चौघे खेळणार, समोरासमोरचे दोघे भिडू. प्रथम चार चार पानें वांटून बोली होते, बोली जिंकणारा हुकुमाचें पान पालथें ठेवतो, आणि मग उरलेलीं चार चार पानें वांटतात. गुलामाचे गुण ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २. एका रंगाचे ७६ होतात, आणि चार रंगांचे ३०४. येथें राजाहून गुलाम बरोबर दसपट मोठा आहे. दिवसभर मुकादमाचा शब्द झेललेल्या माणसाला संध्याकाळीं हा हिशेब किती गोड लागत असेल, तें वाचकांनींच ठरवावें.

आतां गंमत पाहा. हाच तीनशे-चार तमिळ मुलखांत आणि सिंहलद्वीपांतहि खेळतात. केरळांत 'अठ्ठावीस' म्हणून जो खेळ आहे त्यांत गुलामाचे ३, नव्वीचे २, एक्क्याचा १ व दश्शीचा १, म्हणजे रंगाचे ७ आणि एकंदर २८. दोन जोड घेऊन तोच खेळ 'छप्पन्न' होतो. बोली तशीच, पालथा हुकूम तसाच, भिडू तसेच. गुलाम आणि नव्वी ह्यांना सर्वांच्या वर बसविण्याची ही रीति डच खेळांतून आली असावी असें पत्त्यांचे अभ्यासक मानतात; आणि वेंगुर्ला, कोचीन, सिंहलद्वीप हीं सारीं डचांचीं ठाणीं होतीं हें लक्षांत घेतलें म्हणजे तर्क जुळतो. तें कसेंहि असो. मालवणकडचा फिटर आणि त्रिचूरकडचा हेल्पर कारखान्याच्या वस्तींत पहिल्यांदा शेजारीं आले तेव्हां एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, परंतु हातांत आठ पानें येतांच दोघांनाहि खेळ अर्धा येत होता. गुणांचा हिशेब तेवढा जुळवून घ्यावयाचा राही. भाषा मागाहून आली, आणि तीहि बहुधा भिडूवर ओरडतां ओरडतां.

ह्याच पत्त्यांचें दुसरें घर म्हणजे लोकल गाडी. रेल्वे १८५४ सालीं कल्याणपर्यंत व १८५५ सालीं आमच्या बाजूनें वाशिंदपर्यंत आली. त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नसेल कीं ह्या डब्यांत पुढें दररोज हजारों डाव रंगतील. समोरासमोरच्या बाकांवर चौघे बसतात, गुडघ्यांवर ब्रीफकेस किंवा वर्तमानपत्र आडवें टाकतात, आणि टेबल तयार होतें. ठाणें येईपर्यंत बोलीच चाललेली असते. मागें उभे राहणारे न विचारतां सल्ला देतात. गर्दींत पाय ठेवावयास जागा नसते तेव्हां ह्या चौकडीचा इतरांस त्रास होतो, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु रोजच्या चौघांतला एक दोन दिवस दिसला नाहीं तर तिसऱ्या दिवशीं त्याच्या घरीं चौकशीला जाणारेहि हेच उरलेले तिघे असतात, हें आम्ही पाहिलें आहे.

हाउझीचा इतिहास आमच्या लोकांस विशेष गोड वाटेल. इटलींतील नेपल्स येथें अशी परंपरा सांगतात कीं १७३४ सालीं राजा चार्ल्स ह्यानें आंकड्यांचा 'लोट्टो' सरकारमान्य करावयाचें ठरविलें, आणि ग्रेगोरिओ रोक्को नांवाच्या डॉमिनिकन संन्याशानें त्याला कडकडून विरोध केला. हा जुगार गरिबांचें घर धुवून नेईल असें त्याचें म्हणणें. शेवटीं तडजोड झाली ती अशी कीं निदान नाताळच्या आठवड्यांत लोट्टो बंद राहावा. राजाचा खेळ बंद झाला, पण लोकांची हौस थोडीच बंद होते? त्यांनीं ९० आंकडे टोपल्यांत भरले आणि घरोघरीं कुटुंबासह खेळ मांडला. तोच 'तोंबोला', आपल्याकडचा तांबोला. ब्रिटिश सैन्यांत तोच 'हाउसी' म्हणून रूढ होता. संन्याशी हरला कीं जिंकला, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितों. आमच्या मतें तो जिंकला: आंकडे तेच राहिले, परंतु सरकारी गादीवरून उठून ते आजीच्या मांडीवर आले.

हाउझींत कौशल्य मुळींच नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने, १५ आंकडे. पुढें सर्व नशीब. बुद्धिबळ खेळणारे त्याला नाक मुरडतात. परंतु ज्या खेळांत आठ वर्षांची नात, तिची आई आणि ऐंशी वर्षांची आजी एकाच क्षणीं एकाच आंकड्याची वाट पाहतात, असा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाहीं. तिकीट माफक असावें आणि जमलेला पैसा कशासाठीं जाणार हें आधीं सांगितलेलें असावें, एवढें पथ्य पाळलें पाहिजे.

कॅरमचें मूळ ठाम सांगणारा इतिहास नाहीं, पण त्याच्या अमेरिकन चुलतभावाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. मिशिगन राज्यांतल्या लडिंग्टन गांवीं हेन्री हॅस्केल नांवाचे गृहस्थ रविवारच्या शाळेंत शिकवीत. गांवचीं पोरें बिलियर्डच्या अड्ड्यांवर घुटमळतात हें पाहून त्यांनीं १८९० च्या आसपास घरांत मांडतां येईल असा एक पाट बनविला, आणि त्याचा पुढें मोठा धंदा झाला. तो पाट आपल्या पाटाहून निराळा. परंतु मुलांना अड्ड्यावरून उठवून दिव्याखालीं, घरच्यांच्या देखत बसविण्याचा हेतु आपल्या चाळींतल्या बापांच्या ओळखीचा आहे. आपला पाट ७४ सेंटिमीटर चौरस, ९ काळ्या, ९ पांढऱ्या व १ राणी अशा १९ सोंगट्या, आणि वर बोरिक पावडर. अखिल भारतीय संघटना १९५६ सालीं निघाली, आणि १९९१ सालीं दिल्लीस भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत तमिळनाडूच्या मारिया इरुदयम ह्यांनीं विजेतेपद मिळविलें. ह्या खेळाला पाट, दिवा आणि चार पिंपांचा किंवा स्टुलाचा आधार पुरतो. म्हणूनच तो गिरणगांवापासून मोहन्यापर्यंत सर्वत्र पोहोंचला.

बुद्धिबळांत महाराष्ट्राचें नांव मोठें आहे, तें थोडक्यांत सांगतों. त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांच्या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूप मुंबईस १८१४ सालीं छापलें गेलें. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांनीं १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ काढलें. १९५५ सालच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेंत रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या ह्यांच्या जोडीनें विजेते ठरले. पुढें वासंती, जयश्री व रोहिणी ह्या तिघी खाडिलकर भगिनींनीं १९७४ पासून सलग दहा वर्षें महिलांचें राष्ट्रीय विजेतेपद घरांत ठेवलें. १९७६ सालीं रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली तेव्हां गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स ऑयवे ह्यांनीं स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं असा निर्णय दिला. १९८१ सालीं ती आशियाई विजेती झाली. २०२५ सालीं नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आमच्याकडे मात्र अजूनहि पुष्कळ घरीं मुलगी पटापाशीं बसली कीं 'चहा टाक' म्हणून तिला उठवितात.

कायद्यानेंहि खेळ आणि जुगार ह्यांच्यामध्यें रेघ ओढण्याचा यत्न केला. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यानें मोकळीक दिली. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं म्हटलें. पण रेघेच्या पलीकडचें जग आमच्या दारीं होतेंच. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालणारा सट्टा बंद पडल्यावर १९६२ सालीं वरळींत मटका सुरू झाला, आणि त्याला 'कल्याण' नांव मिळालें तें कल्याणजी भगत ह्या चालकावरून. म्हणजे 'मानसोल्लासा'चें कल्याण आमचें नव्हे तसें मटक्याचेंहि नव्हे. मात्र त्याचे आंकडे लावणाऱ्यांत आमच्या गाड्यांनीं जाणारे कामगार होते, हें कबूल केलें पाहिजे. मटक्याला टेबल नसतें, भिडू नसतो, समोर कोणी बसलेलें नसतें. चिठ्ठी लावावी आणि घरीं जावें. हरलेल्या माणसाचें तोंड कोणाला दिसत नाहीं, म्हणून त्याला थांबविणाराहि कोणी नसतो.

२००९ सालीं मोहन्याचा कारखाना बंद पडला. कित्येक कुटुंबें गांव सोडून गेलीं, जीं राहिलीं त्यांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला, आणि पाळी सुटल्यावर जमणारीं टेबलें आपोआप मोडलीं. पाळीच राहिली नाहीं तर जमणार कधीं? त्यानंतरच्या वर्षांत पत्ते फोनवर आले. रमी तीच, पानें तींच, पण खेळणारा एकटा आणि समोरचा अदृश्य, मटक्यासारखाच. किती तरुण त्यांत कर्जबाजारी झाले ह्याच्या बातम्या सर्वांनीं वाचल्या आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, आणि त्यांत कौशल्य व नशीब हा जुना भेद ठेवला नाहीं.

कायद्यानें फोन बंद होईल; टेबल कांहीं त्यानें मांडलें जाणार नाहीं. तें आपणांसच मांडावें लागेल. आठवड्यांतून एक संध्याकाळ, एक उजेडाची खोली, कॅरमचे दोन पाट, बुद्धिबळाचे चार संच, आणि तीनशे-चार व अठ्ठावीस दोन्ही जाणणारे एक-दोन जुने कामगार शिकविण्यास. टेबलावर पैसा नको. मुलींसाठीं जागा राखलेली हवी, नाहीं तर पहिल्याच आठवड्यांत सर्व खुर्च्या पुरुष बळकावतील. जुनीं मंडळी हळूहळू कमी होत आहेत; त्यांच्या हातचा हिशेब पोरांनीं आतांच उचलला नाहीं तर तो पुस्तकांत सांपडणार नाहीं.

आणि शक्य झाल्यास सावंतवाडीहून गंजिफ्याचा एक संच आणावा. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. तो खेळ दक्षिणेंत उतरून दशावतारी झाला. सावंतवाडींत ही कला मावळत चालली असतां शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले ह्यांनीं १९७० नंतरच्या काळांत वृद्ध चितारी पुंडलिक ह्यांच्याकडून ती तरुणांस शिकवविली आणि ती वांचली. वाटोळीं, रोगण दिलेलीं १२० पानें, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं १२ पानें. खेळावयास तिघे लागतात. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी. आणि दिवेलागणीनंतर बसलें तर ज्याच्या हातीं कृष्ण आला असेल त्याची.